काळ्या काचेचा खडा

नाना, तुम्ही जाऊन तीस वर्षं होतील, पण आपल्या सोनारकामाच्या दुकानातला रिठ्याचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. चौऱ्याऐंशी साली मालगुंडची ती खलाशाची बायको काळाभोर खडा घेऊन आली. नवऱ्याने परदेशी बंदरातून पाठवलेला. तो येईल तेव्हा बोटात अंगठी हवी, एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही खडा कॉलेजातल्या सरांना दाखवून आलात आणि जेवताना मला समजावत बसलात. "दगड नव्हे गो हा, काच आहे. ज्वालामुखीचा रस एकदम थंड झाला, दाणा धरायला वेळच मिळाला नाही. आपला काळा कातळ सावकाश थिजलेला, म्हणून सोसतो. ह्याला कोमट पाणी नि मऊ फडकं, बस्स. कढत पाणी दाखवायचं नाही, दुसऱ्या खड्यांत ठेवायचं नाही." मी नुसती हूं हूं करत होते. माझं सगळं लक्ष मैत्रिणीकडे टीव्ही बघायला जाण्यात.

अंगठी तयार झाली त्या दिवशी मी घाईघाईत बाकीच्या दागिन्यांबरोबर तीही उकळत्या रिठ्याच्या पाण्यात टाकली. टक्, एवढाच आवाज आला. बाहेर काढते तर वरून काही नाही. दारातल्या उन्हात तिरकी धरते तेव्हा आत केसाएवढी रेघ. तरी मी ती पुसली, कापसात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. चार दिवसांनी ती परत आली, बोटाला चिंधी बांधून. खड्याचे दोन तुकडे, कडा वस्तऱ्यासारख्या. "नाना, भांडी घासताना आपसूक फुटला. त्यांचं काय बरंवाईट तर नाय ना?" तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "काच ती, बाय. तिला काय कळतंय कुणाचं? माझ्या हातून तापली." पुढच्या आठवड्यात तार आली. तिचा नवरा बोटीवरून समुद्रात पडला होता.

त्यानंतर बायका मंगळसूत्र गाठवायला तुमच्याकडे येईनाशा झाल्या. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेने जात. तुम्ही रोज शेगडी पेटवून बसत होतात. मला कधी एका शब्दाने विचारलं नाहीत आणि मीही ते सोयीचं करून घेतलं. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. माझ्या लग्नासाठी तुम्ही मंगळसूत्राच्या वाट्या घडवल्यात, तेव्हा मी म्हटलं, सासरचे देवरूखच्या त्यांच्या सोनाराकडूनच करणार म्हणतात. तुम्ही "बरं" म्हणालात आणि वाट्या डबीत ठेवल्यात. सासरचं कुणी काही म्हणालं नव्हतं, नाना. खडा मीच फोडला होता, तरी तुमच्या हातचं गळ्यात घालायची मलाच भीती वाटली.