धावपट्टीच्या पोटात गेलेली विमानं

बालाघाट,
रविवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थस्वरूप वीरेंद्र भाऊजींना गुणाकरचा साष्टांग नमस्कार (दोन्ही गुडघ्यांची हरकत असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगांचा गोड मानून घ्यावा). सत्यभामाताईचा खांदा आता कसा आहे? इथून पाठवलेलं तेल खांद्याला चोळायचं होतं, वांग्याच्या भाजीत घालायचं नव्हतं, हे तिला माझ्या वतीनं एकदा सांगा. इकडे सर्व क्षेम. म्हणजे कालिंदी क्षेम आहे आणि मी विमानात आहे.

दचकू नका. विमान शेजारच्या खोलीत, संगणकावर आहे. या घटकेला ते माझ्यावाचून आकाशात घिरट्या घालत आहे आणि मी जेवणाच्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे. दर चार ओळींनी उठून ते वरच आहे ना, हे बघून यावं लागतं. (आत्ता बघून आलो. आहे.) फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्या घराला भिंती आहेत पण आडोसा नाही, आणि व्हॉट्सॲपवर माझ्यासाठी जे येतं ते आधी कालिंदी वाचते, मग उरलंसुरलं मी.

आमच्या श्रियाची बंगलोरला वास्तुशांत आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पोरीनं नागपूरहून विमानाची तिकिटं पाठवली, तेव्हापासून कालिंदीचे पाय जमिनीवर ठरत नाहीत आणि माझे जमीन सोडायला राजी नाहीत. आपल्याला खिडकीची जागा मिळाल्याचं तिनं भाजीवाल्यापर्यंत सगळ्या वॉर्डात सांगून झालं आहे. मी भितो असं मात्र कोणी समजू नये. मी चौकस आहे. एवढं लोखंड वर जातं कसं, आणि मुख्य म्हणजे खाली येतं कसं, एवढंच मी नवरात्रात आलेल्या तुमच्या संकेतला विचारलं. त्यावर चिरंजीव म्हणाले, "मामा, एक बार खुद उडाओ, डर निकल जाएगा," आणि लढाऊ विमानांचा हा खेळ माझ्या संगणकावर चढवून, सोबत विमान वळवायचा एक दांडा टेबलावर ठेवून गाडीला निघून गेले. (मला साधं प्रवासी विमानही चाललं असतं. पण पोराच्या मते गोळीबाराशिवाय उड्डाणात राम नाही.)

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर यायचंच, म्हणून विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर यांच्या रांगेत कालिंदीनं तो दांडाही पुजला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, भक्तिभावानं मूठभर अक्षता टाकल्या. आणि दसऱ्यापासून विमान डावीकडे कलू लागलं. सरळ म्हणून जाता येईना. शत्रू उजवीकडे असायचा आणि मी त्याला गाठायला डावीकडून सगळं आकाश फिरून यायचो. शेवटी कंपनीला आमच्या ऑफिसच्या पद्धतीचं कडक पत्र लिहिलं, वारंवार निदर्शनास आणूनही वगैरे. उत्तर आलं की हा दोष जगात दुसऱ्या कोणाकडेच आढळलेला नाही. मला क्षणभर अभिमानच वाटला. मग एका सकाळी कालिंदीनं धूळ झटकायला दांडा उलटा केला, तर आतून चिन्नोर तांदळाचे चार दाणे टपटप पडले. "घ्या जी, तुमचा शत्रू," म्हणाली.

तेवढा एक दोष आपल्या घरचा, हे कबूल. बाकीचे शंभर टक्के कंपनीचे आहेत. शत्रूची विमानं हवेत वाळत घातल्यासारखी जागच्या जागी लटकतात. माझ्या जोडीला दिलेला वैमानिक "सब ठीक है" असं कळवत डोंगरात घुसतो आणि डोंगरातूनही सब ठीक असल्याचंच कळवत राहतो (हा पुढे फार वर चढेल, आमच्याच खात्यात). पण कहर म्हणजे उतरणं! चाकं टेकली रे टेकली की धावपट्टी विमानाला दलदलीसारखी गिळते. खाली पाताळ असावं, तर तिथे पुन्हा निळं आकाश. वर जमीन, खाली ढग, मध्ये मी, आणि कानात खेळातल्या बाईंचा गोड आवाज, सुरक्षित उतरल्याबद्दल अभिनंदन! तेवढ्यात स्वयंपाकघरातून दुसरा आवाज, "काहून जी, पुरलं का मातीत आनखी एक?" मध्यंतरी कंपनीनं मोठ्या गाजावाजानं सुधारणा पाठवली. तिच्यामुळे आता विमानापाठोपाठ कंट्रोल टॉवरही खाली येतो.

(बघून आलो. फिरतंय. इंधनाचा काटाही हलत नाही, तोही दोषच. पण त्याच्याच जिवावर तर हे पत्र चाललं आहे.)

परवा शेजारचे दुलीचंद, ज्यांची वारासिवनीला राईस मिल आहे, हा अंत्यविधी उभ्यानं पाहून गेले. जाताना दारात थांबून सहज विचारलं, "क्यों गुणाकर भाऊ, असली वाला भी ऐसाइच उतरता क्या?" त्या प्रश्नानं मी खुर्चीतून जो उठलो तो अजून नीट बसलेलो नाही. जेवताना उठतो, पेपर वाचताना उठतो, आता नुसतं वरून विमान गेलं तरी ते दिसेनासं होईपर्यंत अंगणात उभा राहतो. तुमची सारी नोकरी वायुदलात गेली, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्यापुढे. बाकी माझं मागणं काहीच नाही.

ताईला नमस्कार, संकेतला आशीर्वाद (धपाट्यासकट).

आपला,
गुणाकर

ता. क. : मागणं अगदीच नाही असं नाही. येत्या दोन दिवसांत कालिंदीला एक फोन करावा. तुमचा तो वायुदलाचा जड आवाज काढून सांगावं की या दिवसांत धुकं फार, आपल्या वयाला रेल्वेच बरी, खिडकी तिथेही असते. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. माझं नाव मात्र मध्ये येऊ देऊ नये.

दुसरा ता. क. : फोन करू नका. पाकीट आणायला आत गेलो, तर कालिंदी खुर्चीत बसलेली, चष्मा नाकावर, दांडा हातात आणि माझं विमान खाली येत होतं. मी ओरडलो, पट्टी उजवीकडे आहे! ती पट्टीकडे गेलीच नाही. बाजूच्या गवतावर तिनं ते टेकवलं. लालबर्‍याच्या बसनं खावेत तसे गचके खात ते थोडं धावलं आणि थांबलं. अख्खं. खेळातल्या बाई गप्पच. खरोखर उतरलेल्यासाठी त्यांच्याकडे अभिनंदन भरलेलंच नसावं.

"पट्टी बुडते हे रोज पाहून राह्यले ना तुमी? मंग पट्टीवरच काहून जाता?" चष्मा काढत म्हणाली, "आन् बंगलोरले जातानी भेव वाटलं तं माहा हात धरजा. कोनाले सांगत नाही मी."

तेव्हा आम्ही विमानानंच जात आहोत. खिडकी तिची. तुमच्या अनुभवातून एवढंच गुपचूप कळवावं, की मधल्या जागेवरच्या माणसानं उडाल्यापासून उतरेपर्यंत डोळे मिटून घेतले, तर चालतं ना?