पुढे धावणारीचा पाय

इतेन,
सोमवार, १४ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि कँपातल्या सगळ्या जणींना नमस्कार. शर्यत जवळ आली की तुमचे फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र सकाळच्या मटाटू गाडीच्या ड्रायव्हरकडे मुर्सिकच्या दुधाच्या भोपळ्याबरोबर देतेय. दूध आईने यंदा छान आंबवलंय.

घरी सगळं ठीक. लाल गायीला कालवड झाली. बाबा तिला तुझं नाव देऊ म्हणतात. आई म्हणते, "मग ती गोठ्यात कशाला थांबेल?" मला शाळेत सातवीचा वर्ग मिळालाय. मुली अजून "मॅडम" म्हणताना हसतात.

गुरुवारच्या सरावाबद्दल लिहायचं आहे. पाण्याच्या बाटल्या घेऊन मी किमुतायच्या मोटरसायकलवर तुमच्या मागे होते. तू सर्वांत पुढे, मग युनिस, मग बाकीच्या. चढावर वेग उतरला. किमुताय म्हणाला, "मॅडम, तुझी बहीण आज गुरं पाण्यावर नेतेय का?"

मीही हसले. आपल्याकडे पुढचीला कोणी विचारत नाही. ती धरेल तो त्या दिवसाचा वेग. दमली तर ती हात हलवून मागचीला पुढे बोलावते. तू हात हलवला नाहीस, म्हणून सगळ्या धरून चालल्या की आज सावकाशच धावायचंय. अख्खा चढ सगळ्या जणी तुझ्या, एका लंगडणाऱ्या बाईच्या मागे रांगेत धावल्या. वर पोचल्यावर युनिस तुझ्याबद्दल काय म्हणाली, आठवतं? "जेलागतचं डोकं बघा, पाय राखून धावायला शिकवतेय."

मला मागून तुझा डावा पाय दिसत होता.

नंतर पाण्याच्या टाकीमागे मी तुझ्या नडगीवर बोट दाबलं तेव्हा तुझा श्वास अडकला. बोटाएवढीच जागा, ताई. मुरगळलेला पाय असा एका जागी दुखत नाही. तू म्हणालीस, "डिग्री घेतलीस म्हणून हाडाच्या आतलं दिसतं का तुला?"

"दिसत नाही. बोटाला कळतं."

"मला कुठं शेवटपर्यंत धावायचंय? पंचविसाव्या किलोमीटरला मी बाजूला होणार. तेवढा पाय पुरवून वापरीन. वेग कसा राखायचा ते मला शिकवू नकोस."

तुला कोण शिकवणार? माझी कॉलेजची सगळी वर्षं तू दुसऱ्यांच्या शर्यतींत त्यांना वेग धरून द्यायला पुढे धावलीस आणि फीत दिसायच्या आधी रस्त्याच्या कडेला झालीस. यावेळी नीट धावलीस तर पुढच्या वर्षी स्वतःची शर्यत, शेवटपर्यंत, असं शर्यतवाल्यांनी कबूल केलंय. ते तुझ्यासाठी काय आहे हे मला कळतं. म्हणून तीन दिवस मी गप्प राहिले.

पण दुखणारा पाय एकसारखा धावत नाही. तो आधी घाई करतो, मग बसतो. शर्यतीत युनिस तुझ्या पाठीकडे बघून धावेल. तू घाई केलीस तर तीही करेल, कारण तिचा तुझ्यावर विश्वास आहे. आणि ते हाड मोडलं तर पुढच्या वर्षी तुला कोणती शर्यत मिळणार आहे? वर्गात मी मुलींना सांगते की खरं बोलायला शिका. घरी येऊन गप्प बसते. मला ते जमेना.

काल चर्च सुटल्यावर मी तुमच्या कोचना, चुमो सरांना सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "तिला माहीत आहे का, तू मला सांगतेयस ते?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग मी पोचायच्या आधी तिला कळव." ते उद्या येतील, तुला एल्डोरेटच्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढायला नेतील. मी चुकले असेन तर फोटोत दिसेल, आणि तू धावशील. मी चुकले असावे, अशी रोज प्रार्थना करते. नसले, तर तुझ्या जागी दुसरी कोणी जाईल. पुढच्या वर्षीचा शब्द शर्यतवाले पाळतील की नाही, हे सरांनाही माहीत नाही. तेही मी विचारलं.

तुला न विचारता तुझी शर्यत मी थांबवली असेल. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं का आणि कसं, हे तू ठरव.

रागावलीस तरी सरांच्या गाडीत बस.

तुझी धाकटी,
जेमेली