अखंड दिव्याची परीक्षा

२ जून
उप्सालाच्या ग्रंथालयात भाषण. सौरऊर्जा सर्वांची, हाच माझा विषय. रंगलं! पण मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला — "सिगब्रित, तुझा तो नवा सौर सेल मागच्या वर्षीही 'आलाच' होता! वाटेत कुठे अडलाय?" सभागृह हसलं. मीही हसले. आतून जळले. खोटं काय बोलला तो? दर वर्षी नवा विक्रम. छपरावर मात्र एकही सेल नाही!

५ जून
माझी सहकारी मारित हिच्या सेलने पंचवीस टक्के प्रकाशाची वीज करून दिली. पेरोव्स्काइट या नव्या सौर-पदार्थावर तिने क्वांटम डॉटचा थर दिलाय — डोळ्यांना न दिसणारा, एरवी वाया जाणारा प्रकाशही तो टिपतो. रिवाजाप्रमाणे केक. आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख टोर्केल लगेच — "बातमी देऊ या!"
मी म्हटलं, "आधी सूर्यासारख्या प्रखर दिव्याखाली टिकू दे."
तो कॉफी ढवळत म्हणाला, "हं. विचार करण्यासारखं आहे." आमच्या स्वीडनमध्ये याचा अर्थ — गप्प बस, बाई!
बसले नाही. सेल दिव्याखाली गेले. अखंड, रात्रंदिवस. टिकले तर मारितच्या नोकरीला मुदतवाढ, नाहीतर तिला परत फिनलंडला जावं लागेल.

११ जून
घसरतायत. रोज.

१५ जून
निम्म्यावर आले. मारित म्हणाली, "इतक्यात निकाल देऊ नकोस ना. काहीतरी सुटतंय आपल्या नजरेतून."
"लोकांना अजून किती वर्षं थांबवायचं?" मी.
ती यंत्राकडे वळली. केक कापताना हसत होती, तो चेहरा कुठे गेला कोण जाणे.

१७ जून
बैठक. बोलले — आणि काय बोलले! विक्रम म्हणजे फटाका, त्याच्या उजेडात कुणाची चूल पेटत नाही, वगैरे.  शेवटी टोर्केल टेबलाकडे बघत म्हणाला, "मुदत वाढवणं अवघड दिसतंय."
बाहेर मारितने गाठलं. "सभेत बोलतेस तशीच बोललीस. फक्त समोर मी एकटी होते."
सत्य बोललं की माणसं तुटतात. तुटू देत!

१९ जून
मध्यग्रीष्माचा सण. सगळे गावी पळाले. नियमाप्रमाणे सेलवरचा दिवा बंद करून मीच कुलूप लावलं. बहिणीकडे हेरिंग मासे, नवे बटाटे. मी ताट सारून मारितच्या सेलचा अहवाल लिहीत बसले.

२२ जून
अहवालात शेवटचा आकडा हवा होता. खरं तर शवपेटीवरचा शेवटचा खिळा. सेल मोजले.
पंचवीस.
यंत्र तपासलं. पुन्हा मोजले. पंचवीस!
सुट्टीभर अंधारात पडून राहिले आणि बरे झाले. जगातल्या कुठल्या छपरावर सूर्य कधी मावळतच नाही?
मारितची फिनलंडची बोट सकाळीच सुटली.
आणि मी त्या सेलना एक रात्रसुद्धा दिली नव्हती.