तुझी पेटी मी देणार नाही

मुलींचं हॉस्टेल, नगर
मंगळवार, १२ डिसेंबर १९९५

प्रिय सुरेखा,
(रागावली असलीस तरी प्रियच.)

घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझा चुलतभाऊ वाल्मिक खाली गेटपाशी बसलाय. सकाळी तुझी पेटी न्यायला आला. त्याला "थांब जरा, आलेच" म्हणून मी जी गेले ती दुपारी दोनला उगवले. बिचाऱ्याचे तीन चहा झालेत. चारला त्याचा टेम्पो निघतो, त्याआधी मला हे सगळं लिहून मोकळं व्हायचंय, आणि ओळी अशा वाकड्या चालल्यात की तूच म्हणशील, ही बया इंजिनिअर होणार!

परीक्षा पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी २२ पासून. सायली बाथरूममध्येसुद्धा इंटिग्रेशनची सूत्रं घोकते, बाहेर बादल्यांची रांग लागते. मेसच्या बनुबाई रोज विचारतात, "ती खर्ड्याकडची पोर कुठं गेली गं? लई गुणाची हुती." मी म्हणते, येईल. तुझ्या कॉटवर मी पुस्तकं रचून ठेवलीत, रिकामी दिसली की जीव राहत नाही. मेकॅनिक्सचं एकच पान चार दिवस उघडं आहे. वाचायला बसते, उठते, गॅलरीत जाते, परत येते. जेवणही गोड लागत नाही.

त्यात आज वाल्मिक. "आक्का आता येत न्हाई. नानानी सांगितलंय, पेटी घिऊन ये. वैशाखात तिचं उरकायचं हाय." बिडी शिलगावता शिलगावता सांगितलं गं त्यानं! माझ्या पायाखालची वाळूच सरकली. ड्रॉइंगच्या फाइलवर सरांची सही नाही, म्हणून हॉल तिकीट नाही, म्हणून वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणून तू आईबापाबरोबर ऊस तोडायला गेलीस, एवढंच मला माहीत होतं. पुढच्या वर्षी येशील, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आपल्याला सोयीचं ते माणूस बरोबर ठरवतं.

आणखी एक सांगते. परवा रविवारी मी राहात्याला घरी जाऊन आले. येताना एसटीतून तुमचा फड दिसला, रस्त्याच्या कडेला ओळीनं पाचटाच्या कोप्या. एका कोपीपाशी हिरवी ओढणी वाळत होती, तुझीच. कंडक्टर म्हणाला, कोण उतरतंय का? मी मान खाली घातली. काय तोंडानं उतरले असते?

ती गच्ची आठवतेय ना? भावाच्या साखरपुड्याला गेले आणि नव्या ड्रेसात मिरवत दोन दिवस जास्त राहिले. परत आले तर उद्या ड्रॉइंगची शीट द्यायची, माझा कागद कोरा आणि त्यात लाइट गेलेली. तूच म्हणालीस, "रडू नको, चल वर." दोन बादल्या पालथ्या, त्यावर कपाटाची काच, खाली उन्हात आरसा. काचेवर तुझी शीट, तिच्यावर माझा कागद, की खालच्या रेघा वर दिसतात. अर्धं हॉस्टेल असंच पास झालंय. तू ते लंबवर्तुळ दोन दिवस खपून, तीनदा खोडून काढलं होतंस. मी चाळीस मिनिटांत गिरवलं. वारा होता, तर कागदाचा कोपरा धरून तू बसलीस. लांबीचं माप १२० च्या जागी तू चुकून १०२ लिहिलं होतंस, तेही मी इमानेइतबारे उतरवलं. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ती माझ्याकडे कुठली!

मग ड्रॉइंगच्या काटकोन सरांच्या टेबलावर दोन्ही शीटा शेजारीशेजारी, दोन्हींत तेच १०२. "कुणी कुणाची उतरवली?" त्यांनीच निकाल लावला. माझी शीट स्वच्छ, म्हणजे ती खरी. तुझी खोडून खोडून काळी झालेली, म्हणजे ती चोरीची. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. एकदाच. मी मूग गिळून खिडकीबाहेर बघत राहिले. तुला वाटलं असेल, आत्ता बोलेल, मग बोलेल. त्यांनी माझ्या फाइलवर सही केली आणि सुरे, तुला खरं सांगते, बाहेर आल्यावर व्हरांड्याच्या टोकापर्यंत मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला इतकी लाज वाटते की हे वाक्य लिहायला दोनदा पेन खाली ठेवलं.

सकाळी वाल्मिकला थांबवून मी सरांकडेच गेले होते. म्हटलं, नक्कल मी केली, सुरेखानं नाही. त्यांना पटेना. मैत्रिणीसाठी खोटं बोलतेस म्हणाले. मी हट्टानं कपाटातून दोन्ही शीटा काढायला लावल्या आणि तुझी खिडकीच्या उन्हात धरली. लंबवर्तुळ काढताना कंपासचं टोक त्या दोनच बिंदूंवर वीस-वीसदा रोवावं लागतं ना? उन्हाचे दोन ठिपके सरांच्या शर्टावर पडले. मग माझी धरली. एक भोक नाही. सर खुर्चीत बसले. मग लाल पेन काढून माझ्या फाइलवरची सही खोडली. आता माझं वर्ष गेलं. तुला मंगळवारी, १९ तारखेला बोलावलंय. त्यांच्यासमोर एक लंबवर्तुळ काढायचं, सही आणि हॉल तिकीट लगेच. घरी वडलांना अजून काही माहीत नाही, माझ्या ॲडमिशनला त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मला फार भीती वाटतेय गं. रविवारी घरी जाऊन सांगते आणि सोमवारी सकाळी तुमच्या कोपीवर येते. या वेळी उतरते. तुझ्या नानांशी मीच बोलेन, हाकललं तर परत येईन. वाल्मिकबरोबर फक्त तुझा कंपास पाठवतेय, तोवर हात बसव. पेटी दिलेली नाही. "नाना शिव्या घालतील मला," म्हणतोय. म्हटलं, खा. पुढच्या वर्षी तू सेकंड इयरला असशील आणि मी खाली फर्स्ट इयरलाच तेच लंबवर्तुळ काढत बसलेली. तुझी शीट मागायला आले, तर दारातूनच हाकलून दे.

तुझीच,
जयमाला