सवाल तुमी, जवाब मी

प्रिय हलीमा,

अस्सलामु अलैकुम.

तोंडाने बोललो की शबाना घाबरते, म्हणून लिहून सांगतोय. मागे एकदा मी खाटेवर बसून सवयीने म्हटलं, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" तर सूनबाई बिचारी दारातच थबकली, हातातलं ताट हातातच. तेव्हापासून चहा माझ्यासमोर ठेवते आणि लगेच दोन पावलं मागे सरकते. म्हटलं, कागद बरा. कागदाला कोणी घाबरत नाही.

आजच का लिहायला बसलो, विचारशील. काल दुपारी तू मला सवाल केलास आणि मी घाबरून भलताच जवाब देऊन बसलो. तो आता नीट द्यायचाय गं! तुला माती दिली तेव्हा शबानाचं बाळ रांगत होतं, आता भिंत धरून उभं राहतं. एवढ्या दिवसांत तू एकदाही मला काही विचारलं नव्हतंस. कालच का विचारलंस?

तुला मदिनेतला तो खजूरवाला आठवतो का? उमऱ्याला गेलो होतो, नमाज पढून बाहेर पडलो, आणि त्याने तुला काहीतरी लांबलचक विचारलं. तू दोन्ही हात वर करून डोळे मिटून म्हणालीस, "आमीन!" त्याने आणखी काही विचारलं, तू आणखी जोरात, "आमीन!" मी पोट धरून हसलो. अरबी कानावर पडलं की दुआच असणार, हे आपलं लहानपणापासूनचं गणित. कुराण डोळे मिटून पढणारी बाई तू, पण साधं "किती देऊ" हे तुला कळलं नाही, आणि मला तरी कुठे कळलं होतं!

मी हसत होतो आणि खोलीवर आल्यावर तू रडायला लागलीस. "अवो, खजूरवाल्याचं कलत न्हाय, मग कबरीत फरिश्ते ईचारतील तेचं काय कलंल मना?"

मी म्हटलं, "अगं, तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, हेच विचारतात. मदरशात पाठ केलंय की आपण."

"पाठ केलेलं तसंच ईचारतील कशावरून? जरा फिरवून ईचारलं तं? तिथंबी आमीन म्हणू?"

 म्हणून भिवंडीला परतल्यावर मी खारबावची सुमय्या गाठली. तिचं बालपण बापाच्या नोकरीपायी अरबस्तानात गेलेलं, फोनवरून बोलायची अरबी शिकवते. या वयात शिकायचं म्हणताच मुलगा इरफान म्हणाला, "अब्बा, आता अरबीत कोणाशी बोलणार?" तू आतून ओरडलीस, "तुज्या बापाशी!"

पण तुझी अट होती. "मना नुस्ते जवाब शिकवा. सवाल तुमी, जवाब मी. मना कुटं कोणाला काय ईचाराचं हाय? ईचारनारे ते." सुमय्याने किती समजावलं, "हलीमाखाला, बोलायचं म्हणजे विचारायला पण हवं." तू ऐकली नाहीस. दुपारी भिंतीपलीकडच्या कापड-कारखान्यातले लूम खडखडत असायचे, तू सुपात तांदूळ निवडायचीस, मी फोन मधे ठेवून सवाल करायचो आणि तू मान न उचलता जवाब द्यायचीस. मधेच सुमय्याला कोड्यात टाकायचीस, "बोंबलाला अरबीत काय म्हनतात?" ती बिचारी पुस्तक चाळायला लागायची. "मग कसली अरबी तुमची?" हे मात्र मराठीत विचारायचीस, म्हणजे अट मोडत नव्हती!

अकलोलीला गुडघे शेकायला गेलो, तिथेही धडा सुटला नाही. कुंडात पाय घातलास आणि आदल्याच दिवशी शिकलेला शब्द आठवला तशी ओरडलीस, "हार्र! हार्र!" शेजारच्या बाई माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "दादा, यांच्या अंगात येतं का हो?" म्हटलं, नाही ताई, पाणी गरम आहे म्हणतात त्या. घरी येईपर्यंत हसत होतीस.

आणि तो चहाचा धडा! "हल तुरीदीन शाय?" म्हणजे चहा हवा का. पुस्तकातला जवाब बिनसाखरेच्या चहाचा. तुला साखरेचा आजार, जवाब अगदी बेतल्यासारखा. पण तू दर वेळी म्हणायचीस, "नअम, मअ सुक्कर." हो, साखर घालून! मी डोळे वटारले की, "अरबीत तरी गोड पिऊ द्या मना."

आठवा धडा अर्धा राहिला. भाकरीचं पीठ मळता मळता बसलीस ती बसलीसच.

तू बाईमाणूस, जनाज्याबरोबर कब्रस्तानात कधी आली नाहीस, म्हणून तिथलं सांगतो. माती देऊन झाली की आपल्यात इमामसाहेब कबरीच्या डोक्याशी बसून तलकीन वाचतात. मयताला नाव घेऊन, आईचं नाव घेऊन हाक मारतात आणि सांगतात की आता दोघे फरिश्ते येतील, हे विचारतील, तू हा जवाब दे. बापाच्या वेळी, भावाच्या वेळी मी ते ऐकलं होतं, आणि शेवटी आमीन म्हणून घरी आलो होतो. तुझ्या वेळी पहिल्यांदा मला शब्द कळले, हलीमा. ते दुआ मागत नव्हते, तुझ्याशी बोलत होते! "घाबरू नकोस" म्हणत होते. आणि अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. परीक्षेची तयारी करून देणारेही अरबीतच बोलत होते. तुला ते कोण समजावणार?

लोक गेले तसा मी मागे राहिलो आणि खाली वाकून आपल्या बोलीत सगळं पुन्हा सांगितलं. पण कब्रस्तानाच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना, खडखड काही थांबेना. इरफान दंड धरून, "अब्बा, चला." माझं तुला ऐकू गेलं की नाही, या एका गोष्टीने मला पोखरलंय. जवाब देता आले का गं तुला? की तिथेही घाबरून हात वर केलेस?

मग मी धडे पुन्हा सुरू केले. सुमय्याला तुझं सांगितलं नव्हतं, जीभच वळली नाही. घरात अडचण होती एवढंच म्हणालो. पहिल्याच दुपारी लाइट गेली. आपल्या कामतघर मोहल्ल्यात लाइट जाते तेव्हा कसं होतं तुला माहीत आहे, सगळे लूम एकदम थांबतात आणि शांतता कानावर येऊन आदळते. मी सवयीने सवाल केला, "हल तुरीदीन शाय?" आणि सवयीनेच तुझ्या जवाबापुरता थांबलो.

"नअम, मअ सुक्कर."

माझा डावा कान लूमनेच खाल्लाय. त्या बाजूने ढोल वाजवला तरी कळत नाही. तुझा आवाज त्याच कानात आला.

म्हटलं, भास असेल, म्हाताऱ्या माणसाला होतात. तेवढ्यात फोनमधून सुमय्या हसली. "हलीमाखाला, अजून साखर सोडली नाही वाटतं!"

 पुढच्या दुपारी पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्या दुपारीही. लूम चालू असले की काही नाही, थांबले की माझ्या सवालाला तुझा जवाब. शबानाला एकदा विचारलं, "आत्ता कोणी बोललं का?" ती म्हणाली, "न्हाय अब्बा," आणि बाळाला उचलून शेजारी निघून गेली.

शेवटी सुमय्याला खरं सांगितलं.  ती बारीक आवाजात म्हणाली, "पण चाचा, मी फोन लावला की रोज त्यांना सलाम करते. आणि त्या जवाब देतात."

आपण कब्रस्तानाच्या दारात सलाम करतो ना? आतले सगळे जवाब देतात म्हणतात, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. मौलानांना मी विचारायला गेलो नाही. ते वहम म्हणतील, भास म्हणतील, आणि दुआ फुंकून दम केलेलं पाणी देतील. पाणी पिऊन तू थांबलीस तर?

सुमय्या आता रक्षणाची आयतुल कुर्सी पढूनच फोन लावते, पण लावते हो. पोरगी जिगरबाज आहे.

आता कालचं. लाइट गेली, लूम थांबले. मी चहाचं विचारलं. जवाब नाही. पुन्हा विचारलं. नाही. वाटलं, गेलीस. आणि मग डाव्या कानाशी, अगदी उशीवरून बोलावं इतक्या जवळून, तू म्हणालीस,

"मता तअती?"

कधी येताय?

अर्ध्यावर राहिलेल्या आठव्या धड्यातला सवाल. तू कधी न शिकलेला. आणि खजूरवाल्यापाशी तुला हसलेला मी, माझ्या तोंडातून काय निघालं सांगू? "आमीन!"

फोनमध्ये काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "चाचा! आमीन काय म्हणालात? त्यांनी विचारलं की..."

"कळलं मला, बेटी."

"मागे घ्या चाचा, मागे घ्या!"

लाइट आली, लूम सुरू झाले, आणि मागे घ्यायचं ते राहूनच गेलं.

आज पहाटे फजर पढून तुझ्याकडे आलो होतो. दारात सलाम केला. कारखाना चालूच होता, त्यामुळे तुझा जवाब काही ऐकू आला नाही. तुझ्या कबरीवर कोणाची तरी बकरी चरत होती, तिला हाकललं. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या टाळक्यात उजेड पडला. अगं, तू सवाल केलास! जिला सवालांची एवढी धास्ती, जी म्हणायची मना कुटं कोणाला काय ईचाराचं हाय, ती तू आता मलाच विचारतेस. परीक्षेला बसलेलं माणूस असं निवांत दुसऱ्याला विचारत बसतं का? तुझं झालं. तुझे जवाब देऊन झाले, हलीमा! त्या लूमच्या खडखडाटात माझं बोलणं तुला पोचलं असेल, किंवा त्याची गरजच पडली नसेल. आता तू सवाल शिकलीस. कोणी शिकवले, ते मी विचारत नाही.

तिथेच मातीवर बसून रडलो. बकरी परत आली, तिला राहू दिलं.

तर आता नीट जवाब देतो. आमीन मागे घेत नाही. तुझ्यापाशी यायचंच आहे, त्याला आमीन म्हटलं तर काय बिघडलं? फक्त घाई करू नकोस. हे बाळ भिंत सोडून चालायला लागू दे, आणि आठवा धडा माझा पुरा होऊ दे. तेवढ्या दुपारी माझ्यासाठी मागून घे. आणि माझा शब्द घे. येईन तेव्हा माझ्या डोक्याशी बसलेल्या इमामसाहेबांचा शब्दन् शब्द मला समजलेला असेल. तिथले जवाब मी माझे मीच देईन, तुला मधे तोंड घालावं लागणार नाही. ते उरकलं की पहिला सवाल मी तुला करीन, चहा हवा का. साखरेवरून डोळे वटारणार नाही.

बघ, एवढं लिहीपर्यंत लाइट गेली. लूम थांबले. शबाना माजघरातून माझ्याकडेच बघतेय.

हळू बोल हं.

तुझा,
डाव्या कानाने बहिरा
हनीफ