वर्णनात वास नको

बाई, मी चुकले नव्हते. तुम्ही होतात तेव्हा हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तेव्हा माझी जीभ उचलली नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आठवीत तुम्ही वर्णनात्मक निबंध शिकवायला घेतलात, तो तास मला अजून आठवतो. त्याआधी निबंध म्हणजे गाइडमधला उतारा पाठ करायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. तुम्ही आम्हाला शाळेमागच्या आंब्याखाली नेऊन बसवलंत आणि डोळे मिटायला सांगितलंत. काय ऐकू येतं, कसला वास येतो, हाताखालची माती कशी लागते, हे एकेकाला विचारलंत. मग वर्गात येऊन म्हणालात की वर्णन करणाऱ्याने आधी दुरून बघावं, मग जवळ यावं, आणि नुसत्या डोळ्यांवर कधी विसंबू नये. रोह्याच्या त्या शाळेत आम्हाला काय वाटतं, काय जाणवतं, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी गावापर्यंतची वाट मी नाक-कान उघडे ठेवून चालत गेले. तुम्ही शिकवलंत ते मी खरं मानलं, बाई. माझा अपराध म्हणाल तर तेवढाच.

तुम्ही विषय दिलात, ‘माझ्या घरातील संध्याकाळ’. आमच्या घरातली संध्याकाळ बाबांपासून सुरू व्हायची. भाताची जमीन चार भावांत वाटली गेल्यावर ते धाटावला कंपनीत लागले होते, रंग बनवायच्या खात्यात. अजून दिसतात मला. पहिली शिफ्ट संपवून ते येतात, दारातच चपला काढतात, आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत टाकते. कपड्यांना असा उग्र वास की घशात खवखवतं. हात मनगटापर्यंत पिवळे. दोनदा अंघोळ करून जेवायला बसले तरी भाकरीवर बोटं पिवळी उमटतात, आणि उशीच्या अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा पिवळा डाग असतो तो कितीही धुतला तरी जात नाही. हे सगळं मी लिहिलं. दुरून सुरुवात केली आणि जवळ आले, अगदी उशीपर्यंत.

तुम्ही वही परत दिलीत तेव्हा वासाचा आणि उशीचा मजकूर लाल शाईने खोडलेला होता. वर लिहिलं होतं, ‘बाबा कामावरून आले. त्यांच्या कष्टाने थकलेल्या चेहऱ्यावर समाधानाचे हसू होते.’ मी उभी राहून म्हटलं की माझे बाबा कामावरून येताना हसत नाहीत. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही समजावून सांगितलंत, म्हणून तर ते जास्त लागलं.

“वर्णन म्हणजे पाहुण्याला बसवायची खोली,” तुम्ही म्हणालात. “त्याला मोरीपर्यंत नेऊ नये.”

“बाई, आमच्याकडे एकच खोली आहे.”

वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता. तुम्ही तासभर माझ्याकडे पाहिलं नाहीत. घरी आल्यावर मी बाबांना वही वाचून दाखवली. मला वाटलं होतं, त्यांनाही लाज वाटेल. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, “खोटा काय लिवलास का?” मी नाही म्हटलं. “मग र्‍हाऊ दे की गो,” ते म्हणाले आणि जेवू लागले.

पुढे पेणच्या निबंध स्पर्धेला तुम्ही मलाच नेलंत. तिथे योगायोगाने घरावरचाच विषय निघाला. दाराशी तुम्ही हळूच सांगितलंत की आपण सुधारलेला निबंध लिही, नंबर नक्की येईल. मी मान हलवली, आत गेले आणि माझा लिहिला. नंबर आला नाही. परतताना एसटीत तुम्ही पुढच्या बाकावर बसलात. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा मागे वळून एवढंच म्हणालात, “तू हुशार आहेस, म्हणून जास्त राग येतो.” आणि मला एक वडापाव आणून दिलात. मी तो खाल्ला. भूक लागली होती.

मी बारावीला असताना कंपनीत एका पाइपाच्या जोडातून वाफ सुटली आणि बाबांसकट चौघे खाली कोसळले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कंपनीचा एक माणूस टाइप केलेला कागद घेऊन आला. उपाशीपोटी कामावर आल्यामुळे चक्कर आली, असं त्यात होतं. सही करा, म्हणाला. बाबांना धड श्वास घेता येत नव्हता, त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचला आणि त्या माणसाच्या हातात परत दिला. मग चारही खाटांपाशी वेगवेगळी जाऊन बसले. कुठे उभे होतात, आधी काय ऐकलंत, वास कसला होता, डोळ्यांत काय झालं. चौघांनी एकमेकांचं न ऐकता सांगितलं की आधी शिटीसारखा आवाज आला आणि मग सडक्या लसणाचा वास. मी ते आधी दुरून, मग जवळून, तसंच्या तसं लिहिलं. चौघांनी सह्या केल्या आणि तो कागद मी कामगार खात्यात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, वासाचं हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, शाळेत शिकवलं होतं.

चौकशी झाली. उपचार कंपनीने केले, तो जोड बदलला, बाबांना गोदामात हलकं काम मिळालं. त्यांची छाती पहिल्यासारखी कधी झाली नाही. पण ते उपाशी होते म्हणून पडले, असं कुठल्याही कागदावर राहिलं नाही. त्या दिवशी कामावर निघण्याआधी आईने त्यांना वाढलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर तुम्ही एकदाच बाजारात भेटलात. त्या चौघांतल्या एकाचा मुलगा तुमच्या वर्गात होता, त्याने तुम्हाला मी लिहिलेल्या त्या कागदाची नक्कल दाखवली होती. “वाचलं मी,” तुम्ही म्हणालात. “शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत.” आणि पिशवी सावरत पुढे गेलात. मी तिथेच उभी राहून मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. घरी जाऊन चुका शोधल्या. दोनच होत्या.

आज मी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिते. लोक येतात आणि म्हणतात, साहेबाला बरं वाटेल असं लिहा. मी त्यांना विचारते, नक्की काय झालं, कसं दिसत होतं, वास येत होता का. डोलवीहून आलेल्या एकीने मला सांगितलं, तुम्ही फार खोदून विचारता. विचारते, बाई, आणि खोडत काहीच नाही.

तुमची मुलगी अजून त्याच घरात राहते, माझ्या टेबलापासून चालत पाच मिनिटांवर. हे पत्र तिच्या हातात देता येईल, पण देणार नाही. तिला वाटेल, मेलेल्या माणसाची तक्रार करायला आले. तक्रारच आहे ही. फक्त, ज्याच्याशी इतकं भांडावंसं वाटावं असं माणूस तुमच्यानंतर मला कुणी भेटलं नाही, आणि ते तुमच्या मुलीसमोर कबूल करायची माझी तयारी नाही.