पारंपरिक म्हणून फिरतंय तुमचं भजन

नाना, या आठवड्यात घरात आलं ते असं. गोडेतेल एकशे सत्तर, कापूर चाळीस, उपासाचे शेंगदाणे साठ, आणि तुमचा आवाज, फुकट. बोईसरला आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, त्याच्या अध्यक्षीणबाईंनी तो मोबाइलवर पाठवला. तुमची ती एकुलती एक कॅसेट कुणीतरी नेटवर चढवली, बाईंनी उतरवून घेतली आणि मंडळभर वाटली. खाली लिहिलंय, पारंपरिक. शिरगावच्या ओट्यावर बसून तुम्ही रचलेलं भजन, आणि बापाचं नाव नाही त्याला.

मी म्हटलं, हे माझ्या वडिलांचं आहे, न विचारता असं वाटू नये, कायद्यातही बसत नाही. बाईंचा नवरा कारखान्यात साहेब, हातात सोन्याच्या चार बांगड्या, वृत्ती मात्र फुकट्याची. "अहो ताई, देवाचं नाव आहे ते. त्याला कुठे मालक असतो? आणि नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचंच की." बाकीच्यांनी माना डोलावल्या. यांच्या दारातली जास्वंद कुणी तोडली तर दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, तेव्हा नाही आठवत की फुलं देवालाच गेली. एकादशीला शेजारून लसणाचा वास आला तरी नाक धरतात, आणि चोरीचा माल टाळ वाजवून गातात.

मला आपली पडवी दिसते. मासवणचे एक बुवा भर उन्हाचे येतात, तुमच्यापुढे नारळ-विडा ठेवतात आणि चाल मागतात. तुम्ही आईला सांगून त्यांना जेवू घालता, दिवस कलेपर्यंत चाल त्यांच्या गळ्यात बसवता, आणि नारळ फोडून अर्धा त्यांच्याच पिशवीत घालता. पुढे देवळात दुसऱ्याच एकाने तीच चाल न मागता धरली, तेव्हा तुम्ही पेटीचा भाता मिटलात. "इचारलं असतंस तर आमी नाय बोललो असतो काय? गा आता. पन पेटी नाय." गायला बिचारा, आणि काय बेसूर गायला.

पालघरला कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात, त्यांच्याकडे जाऊन आले. म्हणाल्या, रचणाऱ्याच्या मागे साठ वर्षं हक्क वारसांचा, मग भजन असो की लावणी. तक्रार केली की नेटवरून उतरवायला लावता येतं, नाहीतर निदान तुमचं नाव तरी घालायला लावता येतं. फक्त भजन पूर्ण लिहून आणा, शेवटच्या नाममुद्रेसकट, वडिलांचं नाव त्यातच आहे ना. कॅसेटची बाजू चौथ्या कडव्यावर संपते, म्हणून मंडळातल्या या शहाण्याही तिथेच थांबतात आणि आरतीला उभ्या राहतात. पुढे काही असेल, रचणाऱ्याचं नाव असेल, असं एकीच्याही मनात येत नाही.

काल दुपारी लिहायला बसले. चार कडवी झरझर उतरली. पाचव्याची पहिली ओळ आली, आणि पुढे काहीच नाही. तुम्ही पाचव्याला हात घातलात की आई मला खुणेने आत बोलवायची, भजन संपता संपता सगळ्यांच्या हातात चहा जायला हवा असायचा. तुमच्या नावाची ओळ मी कधी ऐकलीच नाही, नाना. मी तेव्हा कपबशा मांडत असे. तुम्ही लिहून काही ठेवलं नाहीत, साथीचे टाळकरी सगळे गेले.

मंडळात हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही. पण तेवढी एक ओळ उलट टपाली कळवा.